ॲम्ब्युलन्सचा विमा वेगळा मिळतो का?

प्रश्न : माझं वय ३६. चिपळूणला एका पतसंस्थेत कामाला आहे. एकोणिसाव्या वर्षापासून मला फिट्स येतात. गोळ्या नियमित घेते, तरी वर्षातून दोन-तीनदा फिट येतेच. गेल्या पावसाळ्यात एसटी स्टँडवर आली. लोकांनी खासगी ॲम्ब्युलन्स बोलावली, एका खासगी दवाखान्यात नेलं, तिथे चार तास ठेवून घरी सोडलं. ॲम्ब्युलन्सचे २,२०० रुपये झाले, दवाखान्याचं बिल वेगळं. मिस्टर लोट्याला एका कारखान्यात आहेत, त्यांच्या ग्रुप मेडिक्लेममध्ये माझं नाव आहे. तिथे बिलं पाठवली तर ‘ॲडमिशन नाही’ म्हणून परत आली. आमच्या ओळखीचा एजंट म्हणतो, ॲम्ब्युलन्स कव्हर असलेली स्वतःची पॉलिसी घ्या, आणि फॉर्मवर फिट्सचं लिहू नका, पाच वर्षं गेली की कोणी विचारत नाही. भाऊ मेलबर्नला असतो. तो सांगतो की तिकडे वर्षाला थोडे पैसे भरून ॲम्ब्युलन्सचं सभासद होता येतं. आपल्याकडे तसं काही आहे का? ऑफिसमध्ये माझ्या आजाराबद्दल कोणालाच माहीत नाही. कृपया नाव छापू नये.
— एक वाचक, चिपळूण

उत्तर : ताई, ॲम्ब्युलन्ससाठी वेगळी पॉलिसी शोधत फिरू नका. आपल्याकडे ॲम्ब्युलन्सचा खर्च हे आरोग्य विम्याच्या पॉलिसीतलं एक छोटं कलम असतं, आणि ते मुख्य क्लेमला बांधलेलं असतं. पेशंट दाखल झाला, दाखल होणं कंपनीने मान्य केलं, त्या आजारपणाचा क्लेम मंजूर झाला, की मग गाडीचे पैसे मिळतात, तेही ठरलेल्या मर्यादेपर्यंत. सगळ्या कंपन्या एकाच नमुन्यात विकतात त्या ‘आरोग्य संजीवनी’ पॉलिसीचं उदाहरण बघा. तीत ॲम्ब्युलन्ससाठी दर ॲडमिशनला जास्तीत जास्त २,००० रुपये आहेत, आणि मंजूर रकमेतले पाच टक्के आपल्याच खिशातून जातात. महागड्या पॉलिसींत ही मर्यादा जास्त असते, काहींत प्रत्यक्ष खर्चाइतकी. पण ‘दाखल’ ही अट बहुतेक ठिकाणी कायम असते, आणि दाखल म्हणजे सलग २४ तास. डे-केअरच्या, म्हणजे एका दिवसात घरी सोडतात अशा, यादीतले उपचार तेवढे त्याला अपवाद.

तुमच्या बाबतीत नेमकं इथेच अडलं. फिट आली, लोक घाबरले, गाडी आली, तिथे पोचेपर्यंत तुम्ही बऱ्यापैकी शुद्धीवर होतात, डॉक्टरांनी चार तास नजरेखाली ठेवून घरी पाठवलं. वैद्यकीयदृष्ट्या सगळं चांगलंच झालं. विम्याच्या दृष्टीने मात्र काही घडलंच नाही. अपस्माराच्या, म्हणजे फिट्सच्या, पेशंटच्या वाट्याला हा प्रकार वारंवार येतो. हार्ट ॲटॅकवाला गाडीतून गेला तर बहुधा दाखलच होतो. फिटचा पेशंट पुष्कळदा संध्याकाळी घरी चहा पीत असतो. त्यामुळे कितीही मोठ्या आकड्याचं ॲम्ब्युलन्स कव्हर घेतलंत, तरी स्टँडवरच्या त्या दिवसासारख्या दिवशी त्याचा उपयोग शून्य.

मग या कलमाचा उपयोग कधी? फिट थांबलीच नाही, आयसीयूत ठेवावं लागलं, पडताना डोक्याला मार बसला, किंवा इथून कुंभार्ली घाटाने कराडला किंवा खाली मुंबईला हलवावं लागलं, तर. तेव्हा गाडीचे काही हजार आणि रुग्णालयाचे काही लाख असा हिशेब असतो. त्या लाखांचा क्लेम मंजूर झाला तर गाडीचे हजार त्यामागून येतात, आणि तो फेटाळला तर दोन्ही जातात. म्हणून तुमच्या पत्रातला खरा प्रश्न ॲम्ब्युलन्सचा नाहीच. तुमचा अपस्मार पॉलिसीने मान्य केलाय की नाही, हा आहे.

आणि नेमकं त्याच जागी तुमचा एजंट तुम्हाला गप्प बसायला सांगतोय.

त्याचं ‘पाच वर्षं’ कुठून आलं ते सांगते, कारण ते पूर्ण खोटं नाही. पॉलिसी सलग ६० महिने चालू राहिली की माहिती लपवल्याच्या कारणावरून कंपनीला क्लेम नाकारता येत नाही, असा विमा नियामकाचा नियम आहे. पूर्वी ही मुदत आठ वर्षांची होती, २०२४ मध्ये पाच झाली. पण त्याच वाक्यात पुढे अपवाद आहे : सिद्ध झालेली फसवणूक. सतरा वर्षं गोळ्या चालू असलेल्या बाईने ‘तुम्हाला अपस्मार आहे का’ या चौकटीत ‘नाही’ लिहिलं, तर ते विसरणं होतं असं कोण म्हणेल? शिवाय तुम्हाला वर्षातून दोन-तीन फिट्स येतात. पाच वर्षांत एकदाही दाखल व्हावं लागणार नाही, या भरवशावर हप्ते भरायचे का? दाखल झालात की केसपेपरवर डॉक्टर पहिल्याच ओळीत लिहितात, ‘known case of epilepsy’, आपल्या भाषेत सांगायचं तर ‘अमुक वर्षांपासून अपस्माराचा पेशंट’. तो कागद थेट कंपनीकडे जातो. क्लेम फेटाळला जातो, पॉलिसी रद्द होते, आणि पुढे कुठल्याही कंपनीच्या फॉर्मवर ‘यापूर्वी पॉलिसी नाकारली गेली आहे का’ या प्रश्नाला ‘हो’ लिहावं लागतं. एजंटला त्याचं कमिशन तोवर मिळून गेलेलं असतं.

सर्वोच्च न्यायालयाचे दोन निकाल या बाबतीत शेजारी ठेवून वाचण्यासारखे आहेत. २००९ च्या सतवंत कौर संधू प्रकरणात जुना मधुमेह आणि मूत्रपिंडाचा विकार फॉर्मवर सांगितला नव्हता. न्यायालयाने क्लेम नाकारणाऱ्या कंपनीची बाजू उचलून धरली. २०२१ च्या मनमोहन नंदा प्रकरणात अमेरिकेला निघालेल्या गृहस्थांनी मधुमेह आहे हे फॉर्मवर लिहिलं होतं, कंपनीने तपासणी करून पॉलिसी दिली होती. सॅन फ्रान्सिस्कोला उतरताच त्यांना हार्ट ॲटॅक आला, आणि कंपनीने आधीच्या आजाराकडे बोट दाखवून हात वर केले. न्यायालयाने सांगितलं की आजार माहीत असताना पॉलिसी दिलीत, आता त्याच आजाराचं कारण पुढे करता येणार नाही. फॉर्मवर लिहिलेली एक ओळ पुढे कोणाच्या बाजूने साक्ष देते, ते यावरून कळतं.

तेव्हा स्वतःची पॉलिसी घ्यायची असेल तर लिहायचं, आणि नुसतं ‘फिट्स आहेत’ असं नाही. कधीपासून, कोणत्या गोळ्या, किती डोस, शेवटची फिट कधी आली, शेवटचा ईईजी आणि एमआरआय कधी झाला, हे सगळं. न्यूरोलॉजिस्टचं ताजं पत्र जोडा. फॉर्म एजंटने भरला तरी सही तुमची असते, म्हणून सही करण्याआधी प्रत्येक पान वाचा आणि भरलेल्या फॉर्मची प्रत स्वतःजवळ ठेवा. पॉलिसी हातात आल्यावर ३० दिवसांत ती परत करता येते. त्या ३० दिवसांत एकच गोष्ट शोधा : तुमचा आजार तिथे कोणत्या शब्दांत लिहिलाय.

कारण आजार सांगितल्यावर कंपनी तीनपैकी काहीतरी करेल. सरळ नकार देईल. किंवा हप्ता वाढवून आणि प्रतीक्षा काळ लावून घेईल, म्हणजे तेवढे दिवस त्या आजाराचा क्लेम मिळत नाही. हा काळ आता जास्तीत जास्त ३६ महिने आहे, त्यानंतर फिट्समुळे झालेली ॲडमिशनही चालते आणि तिच्याबरोबर ॲम्ब्युलन्सही. तिसरी शक्यता सगळ्यात सावधपणे बघायची, कायमचं वगळणं. २०१९ साली नियामकाने अशा १६ आजारांची यादी दिली होती, जे पेशंटच्या संमतीने पॉलिसीतून कायमचे वगळता येतील. त्यात जुनाट मूत्रपिंडविकार, पक्षाघात, पार्किन्सन्स यांच्याबरोबर अपस्मारही होता. अशा अटीवर पॉलिसी आली तर फिटसाठीची ॲम्ब्युलन्स कधीच मिळणार नाही, तीन वर्षांनी नाही आणि दहा वर्षांनीही नाही. तरी बाकी सगळ्या आजारांसाठी ती पॉलिसी उपयोगाची असू शकते, म्हणून लगेच फेकून देऊ नका. फक्त एक प्रश्न कंपनीला ईमेलवर विचारा : फिट येऊन पडले आणि हात मोडला, तर त्या हाताचं ऑपरेशन देणार का? उत्तर लेखी घ्या. तोंडी ‘हो मॅडम, सगळं कव्हर आहे’ याची किंमत क्लेमच्या दिवशी कळते.

हे सगळं सांगितल्यावर आता उलटं सांगते : तुम्हाला आज घाईने काही विकत घ्यायची गरज आहे असं मला वाटत नाही. मिस्टरांच्या कारखान्याची ग्रुप पॉलिसी ही तुमच्यासाठी बाजारात मिळणाऱ्या बहुतेक पॉलिसींपेक्षा चांगली आहे. ग्रुप पॉलिसीत बहुधा आधीचे आजार पहिल्या दिवसापासून चालतात आणि वैयक्तिक तपासणी होत नाही. ‘बहुधा’ म्हटलं, कारण ते कारखान्याने काय करार केलाय त्यावर ठरतं. मिस्टरांना एचआरकडून पॉलिसीची पूर्ण प्रत मागायला सांगा. कार्डावरची चार ओळींची माहिती नको, पूर्ण प्रत हवी. तीत आधीचे आजार चालतात का, ॲम्ब्युलन्सची मर्यादा किती आहे, आणि एका रुग्णालयातून दुसऱ्या रुग्णालयात हलवण्याचा खर्च त्यात धरलाय का, हे बघा. तुमच्यासाठी तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची, कारण चिपळूणहून मोठ्या न्यूरो सेंटरला नेण्याचा खर्च स्टँडवरून दवाखान्यात नेण्याच्या कितीतरी पट असतो.

ग्रुप पॉलिसीचा धोका एकच : नोकरी गेली की ती गेली. लोट्याच्या कारखान्यांत ही भीती अगदीच पोकळ नाही, तुम्हीच जास्त जाणता. नोकरी सुटताना किंवा निवृत्त होताना त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता येतं, आणि ग्रुपमध्ये काढलेली वर्षं प्रतीक्षा काळातून वजा होतात. पण अर्ज मुदतीत करावा लागतो, आणि कंपनी पेशंट बघून अटी घालू शकते. म्हणून मिस्टरांची नोकरी स्थिर असतानाच, वर लिहिलं तसं सगळं सांगून, एक साधी वैयक्तिक पॉलिसी चालू केलीत तर प्रतीक्षा काळ आतापासून सरू लागेल. हे चैनीचं नाही, पण तातडीचंही नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्याच्या हप्त्यावरचा जीएसटी गेलाय, तेवढाच दिलासा. शिवाय महात्मा फुले जन आरोग्य योजना आता राज्यातल्या सगळ्या कुटुंबांना खुली आहे, कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत, आणि तिथे आधीचा आजार आड येत नाही. जवळचं कोणतं रुग्णालय योजनेत आहे आणि तुमच्या आजाराचे कोणते उपचार यादीत आहेत, हे १५५३८८ वर किंवा रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडे आत्ताच विचारून ठेवा. फिट आल्यावर विचारायला कोणाला सुचत नाही.

भावाने सांगितलं ते खरं आहे. ऑस्ट्रेलियात मेडिकेअर ही सरकारी आरोग्य योजना ॲम्ब्युलन्सचे पैसे देत नाही, आणि व्हिक्टोरिया राज्यात सभासदत्व नसेल तर एका फेरीचं बिल हजार डॉलरच्या वर जातं. म्हणून तिथली सरकारी ॲम्ब्युलन्स सेवा वार्षिक सभासदत्व देते, आणि पुढे दाखल केलं की नाही यावर ते अवलंबून नसतं. क्वीन्सलँड राज्यात तर रहिवाशांना ॲम्ब्युलन्सचं बिलच येत नाही. आपल्याकडे मोठ्या शहरांत काही खासगी सेवा असं सभासदत्व विकतात, पण त्यांची गाडी चिपळूणला किती मिनिटांत येईल हा प्रश्न विचारला की विषय संपतो. नका घेऊ.

तुमच्याकडे फुकटचं सभासदत्व आहेच, १०८. ही सेवा २०१४ साली ९३७ गाड्यांनिशी राज्यात सुरू झाली. गाडीत डॉक्टर असतो आणि पेशंटकडून पैसे घेत नाहीत. त्या दिवशी स्टँडवर कोणीतरी ओळखीच्या खासगी गाडीवाल्याला फोन केला म्हणून २,२०० गेले. १०८ ची गाडी बहुधा सरकारी रुग्णालयात नेते, तुमच्या बाजूला म्हणजे कामथ्याच्या उपजिल्हा रुग्णालयात. पहिल्या तासाच्या उपचारासाठी त्यात काही वावगं नाही. पुढे हलवायचं झालं तर तिथले डॉक्टरही १०८ मागवू शकतात. पावसाळ्यात घाटात दरड आली किंवा गाडी दुसरीकडे गुंतलेली असली तर खासगी करावीच लागते. तेव्हासाठी दोन गाडीवाल्यांचे नंबर आणि दर आधी विचारून मिस्टरांच्या मोबाइलमध्ये ठेवा. खासगी ॲम्ब्युलन्सचे दर परिवहन प्राधिकरण ठरवून देतं, आरटीओत दरपत्रक मिळतं. बिल घेताना पेशंटचं नाव, तारीख, कुठून कुठे, गाडीचा नंबर आणि पावती क्रमांक हवाच. कोऱ्या कागदावर ‘मिळाले रु. २,२००’ असं लिहिलेलं कोणतीही कंपनी घेत नाही. आणि वर्षभरासाठी दहा हजार रुपये वेगळ्या खात्यात टाकून ठेवा, त्याला हात लावायचा नाही. चार तासांत घरी सोडणाऱ्या फिटसाठी खरं कव्हर तेच आहे.

आता पत्राच्या शेवटच्या ओळीबद्दल. ऑफिसमध्ये कोणाला माहीत नाही, हे तुम्ही जाता जाता लिहिलंत, पण पैशाच्या दृष्टीनेही मला ते सगळ्यात महत्त्वाचं वाटलं. बहुतेक फिट्स दोन-तीन मिनिटांत आपोआप थांबतात. ओळखीच्या पेशंटला नेहमीसारखी फिट आली, थांबली, शुद्ध आली, तर अनेकदा ॲम्ब्युलन्स लागतच नाही. कुशीवर वळवायचं, डोक्याखाली काहीतरी मऊ ठेवायचं, घड्याळ बघायचं. पाच मिनिटांत थांबली नाही, एकीला लागून दुसरी आली, मार बसला, श्वास नीट चालत नाही, पाण्यात पडली, किंवा पेशंट गरोदर आहे, तर मात्र एक मिनिट न दवडता १०८. हे ज्याला माहीत नाही तो आधी चप्पल हुंगवतो, मग कांदा, मग दातांत चमचा घालतो आणि मग मिळेल ती गाडी बोलावतो. घरी वापरायच्या नाकात मारायच्या स्प्रेबद्दलही न्यूरोलॉजिस्टना विचारा. काही पेशंटना ते लिहून देतात, पण तो मारणारा माणूस शेजारी असावा लागतो आणि त्याला तुमचा आजार माहीत असावा लागतो.

लपवण्याचं कारण मला कळतं. १९९९ पर्यंत हिंदू विवाह कायद्यातच वारंवार येणारा अपस्मार हा लग्नाला अडसर म्हणून लिहिलेला होता, संसदेने तो शब्द तेव्हा काढला. कायद्यातून गेला म्हणून लोकांच्या डोक्यातून गेला असं थोडंच आहे. तेव्हा सगळ्या पतसंस्थेला सांगा असं मी म्हणणार नाही. शेजारच्या टेबलावरच्या एकीला सांगा, जिच्यावर तुमचा विश्वास आहे तिला. आणि पर्समध्ये, मोबाइलच्या कव्हरमागे दिसेल असं, मराठीत कार्ड ठेवा : मला अपस्मार आहे, तोंडात काही घालू नका, कुशीवर वळवा, पाच मिनिटांत थांबली नाही तर १०८ ला फोन करा, आणि खाली मिस्टरांचा नंबर.

परत आलेल्या त्या बिलांचं काय? पॉलिसीची पूर्ण प्रत हातात आली की ॲम्ब्युलन्सचं कलम वाचा. क्वचित एखाद्या कारखान्याच्या करारात ‘तातडीच्या वेळी’ असं लिहिलेलं असतं आणि ॲडमिशनची अट नसते. तसं असेल तर कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लिहा. महिन्याभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर पुण्याच्या विमा लोकपालांकडे वर्षभराच्या आत अर्ज करता येतो, फी नाही, वकील नको. पण कलमात ॲडमिशनची अट असेल, जी बहुधा असेलच, तर त्या २,२०० रुपयांच्या मागे लागू नका. तेवढा वेळ न्यूरोलॉजिस्टची अपॉइंटमेंट घेण्यात घालवा. गोळ्या नियमित घेऊनही वर्षाला दोन-तीन फिट्स येतात म्हणजे औषध किंवा डोस बदलण्याबद्दल बोलायला हवं, आणि शेवटचं कधी बोललात ते तुम्ही पत्रात लिहिलेलं नाही.